बर्फगाडीचा चिरलेला पट्टा

हॉर्नबी, ख्राइस्टचर्च

ती. आईस सप्रेम जय भीम.

मी मजेत आहे. गुडघाही आता दुखत नाही. आमच्या क्लबची बर्फावर चालणारी गाडी उतारावर पट्टा तुटून अडकली, तेव्हा थोडा आपटलो होतो, एवढंच.

तिचा तुटलेला रबरी पट्टा बदलायला गाडी घरी आणली. तुझी सून पाने-पकडी हातात देत होती. जुना पट्टा उतरवून पाहिलं, तर अर्ध्यापर्यंत सरळ चीर, पुढचा भाग वेडावाकडा फाटलेला. झिजलेलं रबर असं तुटत नाही, आई.

माझ्याआधी गाडी क्लबमधल्या डीननं नेली होती, आणि तोच दोनदा विचारून गेला, "जुना पट्टा टाकून येऊ का?" मला संशय आला. काल पट्टा त्याच्यासमोर ठेवला.

तो म्हणाला, "अडकलेला बर्फ सुरीनं काढताना चिरला. सांगायची लाज वाटली."

"मी पडलो तेव्हाही?"

"तेव्हा तर जास्तच," तो म्हणाला.

नवा पट्टा बसवलाय. पण आता सगळ्यांचाच संशय येतो. तू फोनवर "मी ठणठणीत" म्हणतेस, आणि मागून नीलामावशी तुला बसायला सांगत असते. तुला तपासून डॉक्टर काय म्हणाले, खरं लिही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
मैत्रेय