अकराव्या प्रकरणाची विल्हेवाट

मी, चंद्रभान गोविंदराव ढोबळे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा काही नाही (पूर्वी सरकारी मोजणीदार), राहणार नालवाडी, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कानाने कमी ऐकू येते, पण सही करायला कान लागत नाहीत. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. वकिलाने नमुना दिला आहे, त्यात "मरणाचा काही नेम नाही" असे एक वाक्य होते. ते मी गाळले. येत्या रविवारी, दिनांक १२ जानेवारीस, मी कारंजा आणि आष्टीच्या मधल्या धावड्याच्या डोंगरावर जात आहे. म्हणून हा कागद त्याआधी.

१. नालवाडीचे राहते घर माझी पत्नी सौ. छाया हिला. प्लॉट मी स्वतः तीनदा मोजलेला आहे. पूर्वेकडच्या शेजाऱ्याचे तारेचे कुंपण आपल्यात नऊ इंच आले आहे. माझ्यामागे त्यावरून भांडू नये, पण विसरूही नये.

२. पोस्टातील व बँकेतील जे काही असेल ते छायाला, तिच्यानंतर आमची एकुलती मुलगी वर्षाली हिला. ह्यात वाद होण्याइतके काही नाही.

३. मोजणीची साखळी, फळी, तिवई आणि दुर्बीण वर्षालीला. होकायंत्र माझे सहकारी हरिभाऊ यांनी १९९७ साली दोन दिवसांसाठी नेले, ते अजून दोनच दिवस झालेत असे त्यांना वाटते. त्याची चामड्याची डबी माझ्याकडे आहे. ती त्यांना द्यावी, म्हणजे माझ्या होकायंत्राला थंडी वाजणार नाही.

४. डोंगरभटकंतीच्या मार्गदर्शिकांचे कपाट, एकूण चौसष्ट पुस्तके, वर्षालीला. ती नागपूरला शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टी लागली की पाठीवर पिशवी टाकून डोंगर धरते. हे वेड माझ्याकडून गेले, ते मी नाकारत नाही. पण पुस्तकांबरोबर चार शब्द जातील, ते तिने वाचावे.

पायवाट सोडून चालायचे असेल तर पुस्तक निवडताना चित्रे पाहू नये. लेखक कुठे चुकला ते त्याने लिहिले आहे का, ते पाहावे. "इथे मी भटकलो", "इथे परत फिरलो" असे ज्यात एकदाही नाही ते पुस्तक घरी बसून लिहिलेले असते. "अडीच तास लागतात" असे असेल तर कोणाच्या पायाने, ते विचारावे. कोणत्या महिन्यात चालला ते नसेल तर पाण्याच्या जागांवर विश्वास ठेवू नये. आपल्याकडे आषाढातला झरा माघात निव्वळ दगड असतो. आणि पुस्तक घरी वाचून घ्यावे, डोंगरावर ते पिशवीत ठेवावे, हातात नाही. हातात पुस्तक असले की माणूस समोर गुरे राखणाऱ्या ढोरक्याला काही विचारत नाही. विचारले तरी आपल्याला हवे तेवढेच ऐकतो. हे मी कोणावरून शिकलो ते पुढच्या कलमात आहे.

५. माझे स्वतःचे पुस्तक, "कारंजा-आष्टीचे डोंगर : पायवाटेबाहेरची भटकंती", मी २०११ साली पदरमोड करून छापले. त्याच्या अकराव्या प्रकरणात धावड्याच्या डोंगराची वाट आहे. त्यात मी लिहिले आहे : "वाट अशी नाही, पण दगडांच्या राशी दिसतील. पाच राशी एकामागून एक धराव्यात. माथा गाठाल."

ते खोटे आहे. मी तिसऱ्या राशीपर्यंतच गेलो होतो. गुडघा धरला होता, म्हणून तिथे खाली बसलो, दुर्बिणीतून पुढच्या दोन राशी पाहिल्या, नकाशावर रेघ ओढली आणि परत आलो. छापताना चाललो असेच छापले.

पण खरी चूक त्याच्याही आधीची. मला मोजणीची सवय. आयुष्यभर दगडावरून हद्द ओळखली. बांधावर दगड दिसला की आमच्यासाठी तो कोणीतरी समजून-उमजून केलेली खूण असते. त्यात मी हिमालयावरची पुस्तके वाचलेली. तिथे दगडांची रास म्हणजे "ह्या बाजूने या". मला वाटले, इथेही तेच. माझ्यासोबत तिथला ढोरकी होता, प्रेमदास. प्रत्येक राशीजवळ त्याने एक दगड उचलून वर ठेवला आणि मागे न पाहता चालू लागला. मला म्हणाला, इथे दगड ठेवावा लागते, साहेब. मी वहीत टिपले : "स्थानिक लोक वाट दाखवण्यासाठी दगड ठेवतात."

का ठेवावा लागतो, हे मी विचारले नाही. ते पुस्तक छापून झाल्यावर कळले. ज्या जागी माणूस जंगलात मेला, पडून, वाघाने, पान लागून म्हणजे साप चावून, त्या जागी येणारा-जाणारा एक दगड ठेवतो आणि तिथून लवकर दूर होतो. ती रास "या" म्हणत नाही. मी मात्र तीनशे प्रतींत छापून लोकांना एका मरणापासून दुसऱ्या मरणापर्यंत चालवत नेले.

६. माझ्या कचेरीतला मित्र ताराचंद याने २०१४ च्या दिवाळीत माझे पुस्तक हातात धरून ती वाट केली. पाचव्या राशीपलीकडे कडा आहे. माथा नाही. तो चौथ्या दिवशी खाली सापडला, पुस्तक शर्टाच्या आत. त्याच्या तेराव्याला प्रेमदास आला होता. मी त्याला विचारले, आता तिथे सहावी रास घातली का रे? तो म्हणाला, "सहावी होळीपासूनच होती, साहेब. कोनी घातली मालूम नाई."

होळीला ताराचंद जिवंत होता. माझ्याच ओट्यावर बसून त्याने पुरणपोळी खाल्ली होती.

तेव्हा मी हे कोणाला सांगितले नाही. २०१९ ला अमरावतीचे एक प्राध्यापक त्याच पुस्तकाने, त्याच कड्यावरून गेले. सातवी रास प्रेमदासने त्यांच्या दोन महिने आधी पाहिलेली होती. त्यानंतर मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, वाचनालयांतून, ओळखीच्यांच्या घरून माझ्या प्रती मागून, विकत घेऊन, एकदोनदा चोरूनही आणल्या. त्या माळ्यावर आहेत. त्या जाळाव्यात. रद्दीत देऊ नयेत.

७. गेल्या नोव्हेंबरात प्रेमदासचा निरोप आला म्हणून मी गेलो. आठवी रास कड्याकडे नाही. ती तिसरीच्या शेजारी आहे, मी जिथे गुडघा धरून बसलो होतो आणि जिथून परत फिरलो, नेमकी तिथे. चौदा वर्षांत ती जागा प्रेमदासशिवाय कोणाला ठाऊक नाही. सकाळचे आठ वाजले होते, तिथे ऊन यायला अकरा होतात, हातपाय गारठलेले. मी वरच्या दगडाला हात लावला तर तो कोमट होता, नुकताच कोणाच्या तरी मुठीतून ठेवल्यासारखा. आम्हा दोघांशिवाय डोंगरावर कोणी नव्हते. प्रेमदासने त्या राशीवर दगड ठेवला नाही. म्हणाला, अजून कोनी मेलं नाई, कायले ठेवू.

८. दिवाळीनंतर वर्षालीला नागपूरला फुटपाथवर माझ्या पुस्तकाची एक प्रत मिळाली. तिला कोण आनंद झाला. २६ जानेवारीला माझा वाढदिवस असतो. त्या दिवशी ती एकटीने अकराव्या प्रकरणाची वाट करणार आणि माथ्यावरून मला फोन लावणार, ही मला भेट. मी नको म्हणालो. राशींचे सगळे सांगितले. ती म्हणाली की बाबा, दगड माणसंच ठेवतात, कोणीतरी टवाळी करत असेल.

शेवटी मागच्या रविवारी मी फोनवर कबूल केले की ती वाट मी चाललेलोच नाही. बापाने मुलीला असे सांगायला काय लागते ते ज्याचे त्याला ठाऊक. मला वाटले, आता तरी थांबेल. ती म्हणाली, "मग तर कोणीतरी नीट चालून लिहायला पाहिजे ना, बाबा? नाहीतर आणखी माणसं मरतील." चूक काय बोलली? माझीच मुलगी आहे. मी फोन ठेवला.

छाया आतून सगळे ऐकत होती. भांडणार असे वाटले. ती बाहेर आली, हात पुसले आणि म्हणाली, "पोरगी जाऊन राह्यली अन् तुम्ही घरी बसून राह्यले? जे तुमचं राह्यलं ते तुम्हीच पुरं करा." संसाराची एक्कावन्न वर्षे झाली, इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. तिच्याबद्दल माझ्या मनात तक्रार नाही, हे नोंदवून ठेवतो.

९. मी मरायला जात नाही. अर्धी राहिलेली मोजणी पुरी करायला जातो. तिसऱ्या राशीपासून पुढे स्वतःच्या पायाने जाईन, कुठे वळायचे नाही ते लिहीन आणि तो कागद वर्षालीच्या हातात देईन. आलो तर हे मृत्युपत्र फाडावे. नाही आलो तर वर्षाली, तुझ्या बापाने पहिल्यांदा खरे लिहिले आहे ते हे : ती वाट नाही. तू जाऊ नकोस. चौसष्ट पुस्तके घे, सगळे डोंगर घे, हा सोड. मला भीती वाटते आहे, आणि ती माझ्यासाठी नाही.

१०. माझ्या शोधाला प्रेमदासशिवाय कोणाला पाठवू नये.

११. वरील कलम रद्द. प्रेमदास आज साक्षीदार म्हणून सही करायला आला. मी त्याला सगळे वाचून दाखवले. त्याने पेन हातात घेतले आणि परत टेबलावर ठेवले. मला वाटले, वाईट वाटले असेल. त्याला म्हटले, अरे, नुसती सही आहे, तुझे त्यात काही जात नाही.

तो म्हणाला, "साक्षीदार मांगं उरावा लागते, साहेब. मले घेऊ नका. काल वर गेलतो मी. तुमच्या राशीजोळ अजून एक लागली हाये."

मी विचारले, कोणाची. वर्षालीचे नाव आम्ही दोघांनीही घेतले नाही.

"माही हाये," तो म्हणाला. "दगड तुमाले मीच दाखोले, अन् काऊन ठेवतेत ते सांगतलं नाई. रविवारी मी येतो संगं. तिची होऊ देत नाई मी."

मग छायाने आम्हाला चहा दिला. प्रेमदासने साखर जास्त मागून घेतली.

येणेप्रमाणे लिहून ठेवले, वाचून पाहिले, कबूल आहे.

स्थळ : नालवाडी, वर्धा
दिनांक : ९ जानेवारी २०२५, गुरुवार

(सही) चंद्रभान गो. ढोबळे

साक्षीदार :
१. <s>प्रेमदास सोमाजी कोवे</s> हरिभाऊ नारायण लाखे, निवृत्त मोजणीदार, वर्धा (सही)
२. इंदिरा विठोबाजी पाटणकर, शेजारी, नालवाडी (सही)

खाडाखोडीबाबत खुलासा : साक्षीदारांत क्रमांक एकचे नाव खोडले आहे. ते ज्याचे त्याने माझ्या देखत, स्वतःच्या हाताने खोडले.