ही दीर्घिका नव्हे

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा तेवढा अधूनमधून कुरकुरतो. तुझा खोकला गेला का? फोनवर विचारणार होते, पण तू उचलत नाहीस.

वेधशाळेतलं माझं काम आता आईच्या काचांपर्यंत आलंय. आकाशाचे ते जुने, काचेवर घेतलेले फोटो. त्यांवर आई दीर्घिका शोधून शाईने गोल करायची, यादीसाठी क्रमांक घालायची. आता आम्ही काचेचा आधी आहे तसा फोटो काढतो, मग शाई पुसतो आणि स्कॅन करतो. "तुमच्या आईंच्या शाईखाली तारे दडलेत हो," साहेब म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं. तरी कापूस हातात घेतला की मी उगाच चष्माच पुसत बसते.

आई त्या धूमकेतू शोधणाऱ्याची गोष्ट सांगायची, आठवतं? धूमकेतू समजून फसगत होऊ नये म्हणून त्यानं आकाशातल्या धुरकट डागांची यादी केली. पुढे कळलं, त्यांतले कित्येक डाग म्हणजे अख्ख्या दीर्घिका. "नकोशांच्या यादीनंच बिचाऱ्याचं नाव राहिलं," म्हणून आई हसायची. आणि तू म्हणायचीस, "म्हणजे मलापण आशा आहे!"

काल एका काचेवर बिनक्रमांकाचा गोल दिसला. आत पीळदार डाग, थेट दीर्घिकेसारखा. भिंगाखाली धरला तर बोटाचा ठसा, लहान मुलाचा. शेजारी आईचं बारीक अक्षर: "ही दीर्घिका नव्हे. आमची ठमी."

शाळा सुटली की तू तिथे लुडबुडायचीस आणि आई दटावायची, "कारटे, काचेला हात लावशील तर बघ!" लावलास म्हणजे.

आईच्या शेवटच्या आजारात तू आली नाहीस. म्हणालीस, "तिनं मला केव्हाच पुसून टाकलंय." त्याचं उत्तर मला आता खरंच सापडलंय, की नुसती तू हवी आहेस म्हणून मी पुरावे गोळा करतेय? दोन्ही असेल.

साहेबांना सांगून ती काच मी महिनाअखेरपर्यंत मागे ठेवलीय. तिचा फोटो तुला पाठवणार नाही. ये आणि काचच बघ. नाहीच जमलं तर एवढं ऐक: शाई काचेच्या मागच्या बाजूला आहे, ती जाईल. ठसा पुढच्या, फोटोच्या थरातच उमटलाय. तो पुसता येत नाही.

तुझी खोली झाडून ठेवली आहे.

फोन वाजला की अजून धावणारी,
ताई