वाघाच्या सुळ्यांचा गवतखाऊ

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तेवढाच). तुझी खालची कवळी टोचते असं कळवलंस. ती मी स्वतः केलेली असल्यामुळे टोचणं शक्य नाही, तेव्हा तुझी हिरडीच बदलली असणार. मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. मी बरा आहे. हात थरथरायला लागला म्हणून दवाखाना बंद केला, हे तुला ठाऊक आहेच. आता दिवसभर काय करतोस, असं विचारलं होतंस. ताई, मी अंतराळात असतो.

घाबरू नकोस. झालं असं, की आमच्या मदतनीस बाई (सव्वीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून यांनी लोकांच्या तोंडात नळी धरली) एक दिवस पिशवीतून खेळाचं यंत्र घेऊन आल्या, माझ्या टीव्हीला जोडलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आपल्या बारकीच्या कंपनीचा खेळ आहे. तुम्ही काही बघणार नाही, म्हणून इतके दिवस मीच बघत होते." लेकीचा विषय या घरात किती जपून निघतो हे तुला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी तिच्यासाठी दवाखान्यात दुसरी खुर्ची बसवली, दारावर तिच्या नावाची पाटी लावली, आणि ही बया दातांची पदवी कपाटात ठेवून गेली कॉम्प्युटरवर जनावरं बनवायला! "खोटी जनावरं बनवायला खरे दात कशाला शिकलीस?" असं मी तेव्हा बोलून गेलो. त्यानंतर आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे तब्येत, हवा, आणि ठेवते.

तर खेळ असा. तुम्हाला एक यान मिळतं आणि न संपणारे ग्रह. ते कुणी बसून चितारलेले नाहीत. प्रत्येक ग्रहाला एक आकडा असतो आणि त्या आकड्यावरून ठरलेले नियम डोंगर, समुद्र, झाडं, जनावरं सगळं घडवतात. धड एकाचं, पाय दुसऱ्याचे, शेपूट ज्याचं उरलं असेल त्याचं. (आपल्या चुलत घराण्यातही असंच झालेलं दिसतं.) मी बाईंना विचारलं, मग तिथे कुणी पोचायच्या आधी तो ग्रह असतो की नसतो? त्या म्हणाल्या, "पेशंटने तोंड उघडायच्या आधी कीड असते की नसते?" यावर मी अजून विचार करतो आहे.

पहिल्या आठवड्यात मी यान तळ्यात उतरवलं, इंधन संपून बर्फात अडकलो, आणि बटाट्यासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याने मला (मला! ज्याच्या खुर्चीत पैलवान रडले!) दरीत ढकललं. मग एका हिरव्या आभाळाच्या ग्रहावर तो दिसला. म्हशीएवढा, हरणाच्या पायांचा, अंगावर ठिपके, चालताना जरा लंगडणारा. गवतात तोंड घालून चरत होता. त्याने मान वर केली, आणि ताई, तोंडात वाघाचे सुळे! तेही खालच्या जबड्यातून आरपार गेलेले. दाढांचा पत्ता नाही. मी टीव्हीपुढे वाकून "आ करा" म्हणालो. ते नेमकं बाईंनी ऐकलं.

पाच दिवस मी त्याच्यामागे फिरलो, रोज दहा ते एक, दवाखान्याच्या वेळेत. तो चरतो, पण गवत कमी होत नाही. त्याला भूक नाही, म्हातारपण नाही. मी थांबलो की तोही थांबतो आणि बघतो. बघणं हासुद्धा एक नियमच असणार, हे कळतं मला. पण चाळीस वर्षं माझ्याकडे वर बघणारी प्रत्येक नजर घाबरलेली होती. हा नुसता बघायचा.

शेवटी राहवेना. जबड्यांच्या आकृत्या काढून, हव्या त्या दाढांना आकडे टाकून चौदा पानांची तक्रार कंपनीला धाडली, बाईंच्या नावाने (म्हणजे बारकीला कळायला नको). आठव्या दिवशी फोन.

"बाबा, दाढांना असे आकडे टाकणारा माणूस जगात एकच आहे."

मला वाटलं, आता माझी खरडपट्टी.

"ते प्राणी काही खातच नाहीत, म्हणून तिथे जबड्याकडे कुणी बघतच नाही," ती म्हणाली. "चार वर्षं मी एकटी भांडतेय, गवत खाणाऱ्याला दाढा द्या म्हणून. परवा तुमची चौदा पानं सगळ्यांसमोर वाचून दाखवली. पटलं त्यांना. नियम बदलणार."

चार वर्षं, ताई. मला वाटत होतं, ती सगळं विसरून गेली. मी काय बोललो असेन? "वरच्या सुळ्याचं माप चुकलंय," एवढंच. मग विचारलं, तो हिरव्या आभाळाखालचा आहे, त्याचे दात नीट होतील का?

"बाबा, नियम सगळ्यांना एकच. तो बदलला की ग्रहाचा आकडा तोच राहील, पण तिथे दुसरंच कुणीतरी उभं असेल." मग म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर आत्ताच सांगा."

मी म्हटलं, चूक ती चूक. दुरुस्त कर.

थोरामोठ्यांना नमस्कार, आणि गुळण्या विसरू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : त्या जनावरात माझा जीव अडकला आहे असं बारकीला सांगू नकोस. तसं काही नाही. रोज दहाला जाऊन बघून येतो, इतकंच.

ता. क. २ : नियम बारा तारखेला बदलणार आहे. त्या दिवशी तिला घरी यायला सांगशील का? मी दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा तिला ब्रश कसा धरावा ते सांगून ठेवून दिला. तिने कारण विचारलं, तर बाबांना यंत्र बंद करता येत नाही म्हण.

ता. क. ३ : किंवा नको. कारण काही सांगू नकोस. बाबा बोलावतायत, एवढंच सांग.