पायाखालचा तूस

९ सप्टेंबर २०२५

परत खचला! न्हाणीघरातला ह्यांचा लाडका शॉवरचा ट्रे. पाय टाकला की मधोमध बोटभर खाली जातो. फायबरचा, पाय घसरत नाही म्हणे. मार्चमध्ये माझा गुडघा बदलला, म्हणून ह्यांनी मुद्दाम बसवून घेतला आणि गल्लीतल्या झाडून सगळ्यांना न्हाणीत नेऊन दाखवला. तीर्थप्रसाद तेवढा वाटायचा राहिला.

खचतो म्हटलं, तर म्हणाले, काट्यावर उभी राहून बघ एकदा.

१० सप्टेंबर

राहिले उभी. एकसष्ट. मार्चपेक्षा दोन किलो कमी!

११ सप्टेंबर

हे पेपर आणायला गेले आणि मी आमटीची पळी घेऊन न्हाणीत. ठोकत गेले. कडेला टणक, मध्ये नुसतं ढप् ढप्. जाळीभोवती भेग — म्हणजे पाणी खाली मुरतंय. बत्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं. खाली आधार नाही, एवढं कळतं मला.

ह्यांना सांगितलं. पळी विसळलीस का, विचारलं.

१२ सप्टेंबर

ट्रे बसवणारा लडकू गवंडी कडावहून आला. ट्रेखाली काय भरलंयस, विचारलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"तूस हाय ना बाई, दोन पोती. म्हटलं गुडघ्याला मऊ लागंल."

भाताचा तूस! सिमेंट-वाळूच्या जागी! पाणी प्याला, कुजला, बसला. लोक कोंबड्यांखाली घालतात, ह्यानं माझ्याखाली घातला. निदान मनात माया तरी होती.

आजच काढतो म्हणाला, तर हे आडवे. पितृपंधरवड्यात तोडफोड नको! मी म्हटलं, पडले तर माझंही पान वाढा. हसले नाहीत. मलाही हसू येत नाही खरं तर. भीती वाटते. हा गुडघा पुन्हा दुखावला तर चालणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलंय.

१३ सप्टेंबर

भिंत धरून आंघोळ. पडले नाही.

१४ सप्टेंबर

आज ह्यांची आंघोळ झाल्या झाल्या न्हाणीत गेले. ट्रे कोरडा ठणठणीत. पलीकडे जुन्या लादीवर बादली, तांब्या आणि साबणाचा फेस. कधीपासून, विचारलं. हे डोकं पुसत राहिले.

"दुसऱ्या दिवसापासून. पहिल्याच दिवशी माझाही पाय खचला होता. पण गल्लीभर सांगून बसलो होतो गं."