मानेत चार स्क्रू, हातावर मांडा

९ फेब्रु., सुरत
ऑपरेशनला चार दिवस झाले. गळ्याला पुढून चीर. मानेचे दोन मणके पट्टी नि चार स्क्रूंनी जखडलेत, वरून कॉलर. आवाज घोगरा, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. फिजिओवाली पोरगी म्हणते रोज चार ओळी लिहा, बोटं सुधारतील. म्हणून ही वही. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. उजवा अंगठा आणि शेजारचं बोट बधीरच.

११ फेब्रु.
डॉक्टरांना एकच विचारलं, मांडे करता येतील का? सुरतेच्या माणसाला मांडा काय कळणार! ह्यांनी हवेत हात फिरवून दाखवलं. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायची, मग उपड्या खापरावर टाकायची. डॉक्टर हसले. म्हणाले, दबलेली नस मोकळी केलीय, पण हात किती परत येईल ते सहा महिने सांगता येणार नाही.
पंचवीस वर्षं आमच्या गल्लीत लग्न कुणाचंही असो, मांड्यांना बोलावणं मला. तेच गेलं तर... रडले. कॉलरमध्ये धड रडताही येत नाही.

१८ फेब्रु., तळोदा
घरी. गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, लाज वाटते. सगळे मांडे हातावरच फाटले, तर मी गिरणीवाल्या भाऊंना चारचौघांत झाडलं, पीठ जाड दळलं म्हणून. मग गहू बदलला, गिरणी बदलली. सहा महिने पिठाला नावं ठेवली! भरला तांब्या हातातून निसटला तेव्हा कुठे एमआरआय. आज ह्यांना गिरणीवर पाठवलं, सांगा त्यांना, पीठ चांगलं होतं, मान बिघडली होती. भाऊंनी चहा पाजून पाठवलं म्हणे.

२ मार्च
आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, मला बाळंतीण करून टाकलंय. डिंकाचे लाडू, कानाला फडकं. "खाय वं, हाड जुडाले ताकद लागस." दोन किलोच्या वर उचलायचं नाही. मी स्वतःच तीन किलो वाढले.

२४ मार्च
कॉलर निघाली! एक्स-रेत हाड धरतंय. मान उघडी पडल्यासारखी वाटते, खाली बघायची भीती. ब्लाऊजचे तीन हूक स्वतः लावले. चौथा आत्यांनी.

७ एप्रिल
फिजिओचा फोन, कणकेचा गोळा मळा, व्यायाम होईल. परात घेतली तर आत्या धावत. "काय करी ऱ्हायनी तू? ठेव ते!" व्यायाम म्हटलं तर पटेना. समोर पाट टाकून पहाऱ्याला बसल्या.
कणीक ओली आहे हे अंगठ्याला कळलं. थोडंसंच, मुंग्या आल्यासारखं. कुणाला सांगितलं नाही, नजर लागायची.

आखाजी
यंदा मांडे जाऊबाई करणार, असं माझ्यामागे ठरलेलं. राग आला. बोलले नाही. (थोडं बोलले.) पण सकाळी उठून बघते तर ह्यांनी विटा रचून चूल कमरेएवढी उंच केलेली, मला वाकायला लागू नये म्हणून. असा माणूस.
पहिला मांडा मनगटापर्यंत आला नि फाटला. पुरण खाली. जाऊबाई भिंतीकडे बघतायत. आत्याच बोलल्या, "फाटना ते फाटना. तो मी खासू. दुसरा ले."
दुसरा हळूहळू कोपरापर्यंत पोचला. एका कडेला भोक, पण पोचला. खापरावर टाकताना अंगठा कडेला टेकला आणि चटका बसला. चटका! मी ओरडले, जाऊबाई पाणी घेऊन धावल्या, नि मी वेड्यासारखी हसत सुटले. भाजल्याचा इतका आनंद जन्मात झाला नव्हता.
शेजारचं बोटही मुद्दाम टेकवून पाहिलं. त्याला अजून काही कळत नाही. आत्यांनी हातावर मारलं. अंगठ्याला तूप लावलं नि तिसरा गोळा घेतला.