गाडी घरून नेऊ

६ ऑक्टोबर

झाली! अब्बांच्या गॅरेजची वेबसाइट झाली! एआयला सांगितलं, 'मोशीत दुचाकीचं गॅरेज आहे, भारी साइट बनव' — चहा गार व्हायच्या आत तयार. जांभळा रंग, तरंगणारे चौकोन, वर 'आपल्या प्रवासाला नवी उंची'.

रस्ता रुंद करताना हमरस्त्यावरचं दुकान गेलं. आता मागच्या गल्लीत गाळा — तिकडे कुत्रंही फिरकत नाही. अब्बा म्हणतात, दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर गाळा सोडायचा, दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं. माझ्या अब्बांनी, चांदभाईंनी? या वयात? मी होऊ देणार नाही, बस्स!

७ ऑक्टोबर

अब्बांनी मोबाइल उन्हात धरला. 'काहीच दिसत नाही गं, शाहीन.' पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं — दिसणार काय, कपाळ! मग 'आमची टीम'. टाय लावलेले तीन गोरे!

'यांना पगार कोण देतो?'

हसून हसून मुरकुंडी वळली. 'संपर्क करा' दाबलं तर बटण नुसतं थरथरतं, फोन लागतच नाही! संध्याकाळपर्यंत सगळं नीट केलं. ठळक काळी अक्षरं, अब्बांचा फोटो, त्यांचा नंबर मोठ्या आकड्यांत. गोऱ्यांना नारळ दिला.

९ ऑक्टोबर

पहिला फोन! पिंपळे सौदागरच्या सोसायटीतून, निशिगंधाताई. 'स्कूटर बंद पडलीये. न्यायला कधी येताय?'

न्यायला?? साइट उघडली. पार तळाशी एआयने आपल्या मनानेच लिहिलेलं — 'गाडी घरून नेऊ, घरी आणून देऊ.' मी तिथवर वाचलंच नव्हतं! म्हटलं, चूक झाली म्हणून सांगते. अब्बा तापलेच. 'दुकानाच्या नावाने जबान दिलीये. लिहिलंस तू, आता आण तू!'

शेजारचे उद्धवराव तिकडे भाजी टाकायला जातात. येताना त्यांच्याच टेम्पोत स्कूटर घातली. मी मागे, उरलेल्या कोथिंबिरीत. 'घट्ट धर पोरी, रस्ता लई खराब हाय!'

१० ऑक्टोबर

स्कूटर पोचवली. निशिगंधाताई खूश. 'गॅरेजवर ताटकळायला नकोच वाटतं बाई. सगळे बघत बसतात.' खाली जमलेल्या बायकांनी लगेच माझा नंबर घेतला.

१४ ऑक्टोबर

फोनवर फोन! उद्धवराव म्हणतात, 'रिकामा टेम्पो आणतोच की, टाक गाड्या.' पण अब्बांचं जेवणसुद्धा राहून जातंय. भीती वाटली मला. ती ओळ साइटवरून गुपचूप काढून टाकली.

१८ ऑक्टोबर

अब्बांनी गाळ्यावर पेंटर चढवलाय. नवा बोर्ड — 'चांदभाई. गाडी घरून नेऊ, घरी आणून देऊ.' खाली नंबर.

माझा!