तीन कॉलेजं आणि ताहिरा चाचींची दाढ

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं. मी डॉक्टर होणार.

वय एकोणतीस, बी.कॉम., इथे आखातात शुवैखच्या गोदामातून हॉस्पिटलचे पलंग विकतो. म्हणजे अर्धा मेडिकल लाइनमध्ये आहेच. उरलेला अर्धा अमेरिकेत पूर्ण करायचा. तिथली पद्धत उत्तम. डिग्री कुठल्याही विषयाची चालते. मग पोस्ट-बॅक नावाचा कोर्स, त्यात केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स उरकून घेतात, आणि मग मेडिकल स्कूलला अर्ज. आपल्याकडे अकरावीला कॉमर्स घेतलं की माणूस जन्मभर कॉमर्सचा. अमेरिकेने माझ्यासारख्यांचा विचार केलेला दिसतो.

जेवताना जाहीर केलं. विनिताताईने डाळ वाढता वाढता विचारलं, कोण डॉक्टर? भावोजी म्हणाले, बघ बाबा. ते बंदरात सुपरवायझर आहेत. दिवसभर क्रेनच्या आवाजात उभं राहून बोलणं कमी झालंय. मी याला पाठिंबा समजतो.

९ नोव्हेंबर, रविवार

पंधरा कॉलेजं पाहून तीन ठेवली. बोस्टनचं एका वर्षात संपतं. ओहायोचं दोन वर्षांचं, पण तिथून त्यांच्याच मेडिकल स्कूलमध्ये जायची वेगळी वाट आहे. कॅलिफोर्नियाच्या कॉलेजात क्लास संध्याकाळी, आणि फोटोत मागे समुद्र.

निवड झाली की अर्धं काम झालं. उद्यापासून पहाटे पाचला केमिस्ट्री.

१० नोव्हेंबर

आज पहाट फारच लवकर झाली. उद्यापासून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

निर्णय पक्का : बोस्टन. एक घाव, दोन तुकडे. ताईला सांगितलं.

संध्याकाळी : बोस्टनचं जानेवारीतलं तापमान पाहिलं. ओहायो.

१५ नोव्हेंबर

ओहायोचंही पाहिलं.

कॅलिफोर्निया. कॉलेजच्या आवारात झाडं फार छान आहेत. भाची स्वरा लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाली, मामा, यू कान्ट चूज अ कॉलेज बाय इट्स ट्रीज. तेरा वर्षांची आहे. वातावरणाचा अभ्यासावर काय परिणाम होतो हे तिला इतक्यात कळणार नाही.

१९ नोव्हेंबर

ऑफिसात आतिफसाहेबांना कल्पना देऊन ठेवली की पुढच्या ऑगस्टनंतर मी इथे नसेन. त्यांनी मिठी मारून अभिनंदन केलं. दुपारी जहरा भागातल्या नव्या हॉस्पिटलची ऑर्डर माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिली. बरंच झालं. अभ्यासाला वेळ मिळेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

केमिस्ट्री सुरू! मोल म्हणजे काय ते तीनदा वाचलं. विषय सोपा आहे, लेखकाला मांडता आलेला नाही. दुसरं पुस्तक मागवलं.

२६ नोव्हेंबर

ओहायोच्या सल्लागार बाईंचा ईमेल. लिहितात, परदेशी विद्यार्थ्यांना तिथली फार थोडी मेडिकल स्कूलं घेतात, ते आधी ध्यानात घ्या. आणि कॉलेज निवडण्यापूर्वी एखाद्या डॉक्टरसोबत राहून काम कसं चालतं ते जवळून बघा. याला शॅडोइंग म्हणतात. डॉक्टरची सावली व्हायचं.

पहिला मुद्दा माझ्यासाठी नसावा. असा ईमेल सगळ्यांना जात असणार. दुसरा उत्तम आहे. सावली व्हायला केमिस्ट्री लागत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सोय झाली. ताई शाळेत हिंदी शिकवते. तिच्या एका विद्यार्थिनीची आई, डॉ. इक्रा, दापोलीकडच्या. मिरकाबमध्येच, आमच्या मागच्या गल्लीत त्यांचा दाताचा दवाखाना. शनिवारी ये म्हणाल्या. ताईला शंका : दाताचा डॉक्टर चालतो का त्यांना? म्हटलं, दात शरीरातच असतात.

स्टेथोस्कोप घ्यावा का? नको. पहिल्याच दिवशी दिखावा नको.

६ डिसेंबर, शनिवार

शॅडोइंगचा पहिला दिवस. एकंदरीत यशस्वी.

पेशंट महादेव म्हणून एक एसी मेकॅनिक, जहराहून आलेला, अक्कलदाढ काढायची होती. मी डॉक्टरांच्या डाव्या हाताला उभा. इंजेक्शनपर्यंत सगळं नीट पाहिलं. मग तो आवाज आला. ओलं लाकूड मोडल्यासारखा. त्यानंतर मी थोडा वेळ जमिनीवर होतो.

डोळे उघडले तर महादेव तोंडात कापसाचा बोळा घेऊन खुर्चीतून उतरलेला आणि मला मासिकाने वारा घालत होता. डॉ. इक्रा म्हणाल्या, पेशंटने डॉक्टरला वारा घातलेला आजच बघितला.

नाश्ता केला नव्हता. शुगर खाली गेली असणार.

१३ डिसेंबर, शनिवार

भरपूर नाश्ता केला. घावणे पाच.

पुन्हा जमिनीवर. या वेळी पडताना औजारांचा ट्रेही घेऊन गेलो. कारण नाश्ता जास्त झाला.

डॉ. इक्रा अगदी प्रेमाने म्हणाल्या, पुढच्या शनिवारपासून बाहेर वेटिंग रूममध्ये बस. तिथूनही दवाखाना दिसतो. बरोबर आहे. सगळं चित्र बघायचं तर माणसाने थोडं लांब उभं राहिलं पाहिजे.

१७ डिसेंबर

निर्णय पक्का : ओहायो. दोन वर्षांत सवय करून घ्यायला वेळ मिळेल. मुदत १० जानेवारी. निबंध लिहायचाय, "मला डॉक्टर का व्हायचं आहे?" पहिलं वाक्य जमलं : लहानपणापासूनच. पुढचं उद्या.

२० डिसेंबर, शनिवार

मेडिकलच्या दृष्टीने आजचा दिवस वाया गेला. तरी लिहून ठेवतो.

वेटिंग रूममध्ये केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसलो होतो. समोर ताहिरा चाची, रत्नागिरीकडच्या, सत्तरीच्या असतील. पर्स छातीशी धरलेली, तोंड बाहेरच्या दाराकडे, एक गाल भजीसारखा फुगलेला. मुलगा तौफीक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, दोनदा नंबर लावला, दोन्ही वेळा खुर्ची बघून परत फिरली. आठवडाभर नुसत्या पेजेवर आहे. पस आत पसरला तर काय करू? डॉ. इक्रा स्वतः बाहेर येऊन समजावून गेल्या. चाची म्हणाल्या, दुखायचा थांबला माझा. आणि गाल धरला.

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तू डॉक्टर हायस?"

"होणार आहे."

"मग आत रवायचा सोडून भायेर काय करतोस?"

काहीतरी भारदस्त सांगायचं होतं. पण खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "आत उभा राहिलो की पडतो. दोनदा पडलो."

"तुझी दाढ काढीत होते?"

"नाही. दुसऱ्याची."

चाची हसल्या. हसताना दुखलं म्हणून ओरडल्या, आणि पुन्हा हसल्या. मग उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तू येतोस तर मी येतंय. दोघंव भितरे. बघू कोण आधी पडतो."

मला नाही म्हणायचं होतं. तौफीकने नजरेने हात जोडले.

आत मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, हात मागे. तो हात चाचींनी धरला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बांगड्याच्या तिखल्याबद्दल बोलू लागलो. मी त्यात टोमॅटो घालतो म्हणालो, तर चाचींनी बोटं मोडतील इतका हात दाबला. तोंड उघडं, बोलता येईना. तेव्हा कळलं की चुकीचं सांगितलं की त्यांचं लक्ष माझ्याकडे राहतं. मग काय! नारळाऐवजी दूध पावडर. हात दाबला. चिंचेऐवजी सॉस. आणखी दाबला. तिरफळं नाहीतच, त्याऐवजी बडीशेप. या वेळी नखं रुतली. तेवढ्यात डॉ. इक्रा म्हणाल्या, चाची, झालं. निघाली दाढ.

कापूस तोंडात असतानाच चाचींचा पहिला शब्द : "बरीशेप?"

मी पडलो नाही. आवाज आला होता का, तेही आठवत नाही.

तौफीक दारातच आईला मिठी मारून उभा. दोघंही रडत होते, आणि मी उगाचच एसीचा रिमोट शोधू लागलो. एसी फार होता.

केमिस्ट्रीचं एक पानही झालं नाही.

२४ डिसेंबर

डॉ. इक्रांचा फोन. रोज संध्याकाळी ये म्हणतात, पेशंट घाबरतात. चाचींनी पाठवलेले दोन घाबरट येऊन गेले, दोघांनीही विचारलं, तो भिंतीकडे बघणारा मुलगा कुठे आहे? गेलो. निबंधाला मसाला मिळेल.

२ जानेवारी, शुक्रवार

नवीन वर्ष, नवीन निर्णय : बोस्टन. स्वेटर घेता येतात. बुधवारी त्यांच्या प्रवेश बघणाऱ्या बाईंबरोबर व्हिडिओ कॉल ठरला. इथले साडेपाच, त्यांची सकाळ. दवाखान्यातून अर्धा तास सुट्टी मागितली.

सुट्टी मागितली हे लिहिल्यावर जरा विचित्र वाटलं. मी तिथे नोकरीला नाही.

७ जानेवारी, बुधवार

इंटरव्ह्यू झकास! कोट-टाय. खाली पायजमा, पण तो कॅमेऱ्यात येत नाही. ताईने स्वराला खोलीबाहेर ठेवलं, भावोजींनी टीव्ही बंद केला. बाईंनी विचारलं, मेडिसिन का? मी लहानपणापासूनच म्हणून सुरुवात केली आणि अडकलो. मग चाचींची गोष्ट सांगितली. टोमॅटो, बडीशेप, सगळं. बाई मनापासून हसल्या. मीही रंगलो. कॉल वीस मिनिटांचा होता, चाळीस झाली.

शेवटी त्यांनी विचारलं, हे चालू असताना डॉक्टर काय करत होत्या? म्हटलं, दाढ काढत असणार. मी भिंतीकडे बघत होतो. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, तुम्ही इतकं छान सांगितलंत, मला त्या आजी डोळ्यांसमोर दिसल्या. पण या गोष्टीत डॉक्टर कुठेच दिसला नाही. अर्ज भरायच्या आधी यावर विचार करा.

थोडक्यात, छाप पडली.

८ जानेवारी

विचार केला. बाईंना अमेरिकन पद्धतीने काहीतरी चांगलंच म्हणायचं होतं.

९ जानेवारी, शुक्रवार

नसावं.

दिवसभर घरीच होतो. ताईने न विचारता चहा दिला, दोनदा. दुसऱ्यांदा शेजारी बसली आणि म्हणाली, अरे, तुला डॉक्टर व्हायचंय की कोणीतरी आपली वाट बघावी असं वाटतंय? म्हटलं, हा प्रश्न निबंधात नाहीये. तिने पाठीवर थोपटलं. भावोजी म्हणाले, जे करशील ते नीट कर. त्यांच्याकडून इतकं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

१३ जानेवारी, मंगळवार

ओहायोची मुदत शनिवारी संपली. आज आठवलं. शनिवारी दवाखान्यात एकामागून एक घाबरलेले अकरा होते, डोक्यातूनच गेलं. कॅलिफोर्नियाची मुदत बघायला गेलो तर ती डिसेंबरातच उलटून गेलेली. बोस्टनचा अर्ज कोराच होता, तो तसाच ठेवला.

वाईट वाटेल म्हणून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बराच वेळ थांबलो. वाटेना. आत आलो आणि उरलेल्या घावण्यांवर ताव मारला.

२१ जानेवारी

आतिफसाहेबांनी दवाखान्यात पार्ट टाइम काम करायच्या परमिटला होकार दिला. मी ऑगस्टनंतरही आहे म्हटल्यावर पुन्हा मिठी मारली. जहराची ऑर्डर परत दिली नाही.

संध्याकाळी चार ते आठ, डॉ. इक्रांकडे पगारी पेशंट कोऑर्डिनेटर. हे पद तात्पुरतं आहे. पोस्ट-बॅकचा विचार पुढच्या वर्षी अधिक तयारीने करता येईल. पाच-सहा कॉलेजं नव्याने बघून ठेवलीत.

१ फेब्रुवारी, रविवार

कामाचा पहिला अधिकृत दिवस. इथे आठवडा रविवारीच सुरू होतो. टेबल, खुर्ची, टेलिफोन. फोन सारखा वाजत होता. एकदा उचलला तर ताई. म्हणाली, सहज केला रे. मग आता डॉक्टरचं काय?

मी म्हटलं, डॉक्टर साडेचारला बसतात. नंबर लावून ठेवू का?